हुकाचा तुकडा

"मग सही का करत नाही, चाचा?"

सौमित्रच्या हातात प्रमाणपत्राचा कागद होता. बाबालालचाचांची सही झाली, की उद्यापासून फाउंड्रीतला माल तो एकट्यानं तपासून पास करणार होता. त्याची नोकरी त्या सहीवरच अडली होती.

चाचांनी बाकाखालून एक चौकोनी पोलादी ठोकळा काढला आणि टेबलावर आपटला.

शेजारी मदतीला उभी असलेली मी दचकले. हातातला ग्रीसचा डबा पडता पडता राहिला.

"हा तपास."

"अजून परीक्षा? तीनशे तास भरले माझे."

"तीनशे एक कर की लेका."

सौमित्रनं ठोकळ्यावर ग्रीस चोळलं, वरून मशीनचा आवाज सोडणारा प्रोब टेकवला. कानाला ऐकू न येणारा आवाज पोलादात शिरला, तळाला धडकून परत आला. मशीनच्या पडद्यावर अगदी शेवटी एक टोक उभं राहिलं. मधे सपाट रेघ.

"चीर असती तर मधेच टोक आलं असतं. स्वच्छ आहे."

"नक्की?"

"मशीन खोटं बोलत नाही, चाचा. हातोडी मारून कान लावायचे दिवस गेले तुमचे."

"लिहून दे."

त्यानं लिहिलं. झोकात सही ठोकली, तारीखसुद्धा घातली.

चाचांनी ठोकळा कुशीवर वळवला.

"आता इथनं."

पुन्हा ग्रीस. पुन्हा प्रोब.

पडद्याच्या मधोमध टोक. उंच.

सौमित्रनं प्रोब उचलला, पुसला, परत टेकवला. टोक तिथंच.

"चीर उभी आहे..." तो पडद्याकडे बघत म्हणाला. "वरनं सोडलेला आवाज तिच्या कडेनं निघून गेला."

"हं."

"म्हणजे माझी चूक नाही, चाचा. वरून जेवढं दिसतं, तेवढं मी बरोबर लिहिलं."

"चौकशीत मीपण हेच सांगितलं."

"कसली चौकशी?" मी विचारलं.

"क्रेनच्या तुटलेल्या हुकाचा कापून घेतलेला तुकडा आहे हा. मशीननं वरनं तपासून मीच पास केलेला. खाली इक्बाल उभा होता. माझा धाकटा भाऊ."

"मग काय झालं चौकशीत?" सौमित्रनं विचारलं.

"निर्दोष सोडलं मला."

चाचांनी सौमित्रच्या हातातला कागद ओढून घेतला. सावकाश, पूर्ण नावानं सही केली. त्याच्यापुढं धरला.

सौमित्रचा हात पुढं येईना.

"घे," चाचा म्हणाले. "आता तुलापण कोण जाब विचारणार नाही."