ठकूआत्याचा आडोसा

फार मागची गोष्ट. बोरखिंडीच्या माळावर तेव्हा शेळी लपेल एवढंसुद्धा झुडूप नव्हतं. बायका पहाटे अंधारात एकदा जाऊन यायच्या, ते थेट दिवस मावळल्यावर. मधे लघवीला लागू नये म्हणून पाणीच प्यायच्या नाहीत. पोटुशी बाईसुद्धा! आणि याला म्हणायचं वळण. घ्या!

गावची सुईण ठकूआत्या. तिची एकुलती लेक याच वळणापायी गेली, पोटातल्या बाळासकट. दिवस दिवस लघवीची जळजळ सोसली, आईलासुद्धा बोलली नाही. तेव्हापासून आत्या माळावर दगड रचू लागली. पुरुषभर उंचीचा आडोसा तिनं एकटीनं उभा केला. असं म्हणतात, मोठाले धोंडे तिच्यापुढं आपणहून सरकायचे. माणसं मात्र सरकली नाहीत. बाई खुळी झाली म्हणत तिकडं कुणी फिरकेना.

एकदा पाटलाची सून रखमा सातव्या महिन्यात तापानं फणफणली. कंबर धरून कण्हायची. अंगणात देवऋषी घुमत होता, सगळं गाव जमलं होतं. आत्या सरळ आत शिरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरी, लघवीला जळजळतंय का?"

सासू कडाडली, "अगं, लाज कोळून प्यालीस का?"

"माझ्या लेकीनं लाज राखली, पाटलीणबाई. मला ती परत मिळाली न्हाई."

रखमानं मानेनंच हो म्हटलं. आत्या म्हणाली, हिला वैद्याकडं न्या. देवऋषी म्हणाला, उंबरा ओलांडाल तर खबरदार. मग कोण गाडी जुंपणार? आत्यानं खांद्याला पाण्याचा भोपळा अडकवला, रखमाला दोन्ही हातांवर उचललं आणि सात कोसांवरच्या वैद्याकडं निघाली. असं म्हणतात, रखमा वाटभर घोट घोट पाणी पीत राहिली, पण भोपळा काही रिता झाला नाही. वैद्याच्या औषधानं ताप उतरला. रखमा सुखरूप बाळंत झाली.

बारशाला आत्याला बोलावणं नव्हतं. चारचौघांत असलं बोलणारी बाई घरात कशी घ्यायची! आडोशाला मात्र बायका भर दुपारी जाऊ लागल्या. तिच्याच दारावरनं जायच्या, थांबायचं नाव नाही. आत्या उंबऱ्यात बसून बघायची. फार एकटी पडली हो बिचारी. तशीच एके दिवशी गेली.

आज घरोघरी संडास आहे, तालुक्याला दवाखाना आहे. तरी बोरखिंडीत डोहाळजेवणात ओटी भरण्याआधी ठकूआत्याच्या नावानं गर्भारणीला तांब्याभर पाणी देतात, आणि घरातली थोरली बाई तोच प्रश्न मोठ्यानं विचारते. गर्भारणीनंही मोठ्यानंच उत्तर द्यायचं. हो म्हणाली, तर ताट तिथंच ठेवून दवाखाना गाठायचा. आणि नवऱ्यानं, सासऱ्यानं समोर बसून ऐकायचं. उठून जायचं नाही.