सात चौक्या आणि एक होडी

एकदा एका खाडीकाठच्या राज्यात जुलमी राजाविरुद्ध लढणारा एक क्रांतिकारी पक्ष होता. त्याचे संस्थापक आचार्य आता थकले होते आणि दुसऱ्या दिवशी सात चौक्यांचे सात पहारेकरी नवा नेता निवडणार होते. आचार्यांच्या लाडक्या शिष्याला आपल्या विजयाची खात्री होती. त्याची वाणी अशी, की ऐकणाऱ्याने घरदार सोडून मागे यावे. प्रतिस्पर्धी कोण, तर पक्षाची कोठी सांभाळणारा, चारचौघांत बोलायचे म्हटले की घाम फुटणारा एक गृहस्थ! चौक्यांवर मीठ-तांदूळ पोचवणे आणि माणसे नेमणे, हे रटाळ काम शिष्यानेच आपणहून त्याच्या गळ्यात मारले होते. वक्त्यांना असले काम नेहमीच कमी दर्जाचे वाटते. मात्र हा माणूस नेता झाला तर क्रांती राहील बाजूला आणि पक्षाची नुसती कोठी होईल, ही भीती शिष्याला मनापासून छळत होती.

सकाळीच आचार्य त्याला म्हणाले, "चल, होडी काढ."

धुके इतके दाट होते, की पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते कळेना. वल्ह्याचा आवाजही दुरून कुठून तरी आल्यासारखा वाटत होता. आपण अजून झोपेतच आहोत की काय, असे शिष्याला वाटले.

पहिली चौकी आली. पक्षाचा नियम असा, की पहारेकऱ्याला नावाने हाक मारील त्यानेच काठाला लागावे.

"मार हाक," आचार्य म्हणाले.

शिष्य गडबडला. मागे तो भाषणाला आला, तेव्हा हाक कोठीवाल्याने मारली होती. "तुम्हीच मारा ना, आचार्य. तुम्हाला नाव ठाऊक आहे."

आचार्यांनी होडी पुढे घ्यायला सांगितली. दुसरी चौकी, तिसरी चौकी... प्रत्येक काठावर एक आकृती उभी दिसे, थोडी वाट पाही आणि धुक्यात विरून जाई. सातवी चौकी मागे पडली तेव्हा शिष्याचा संयम सुटला. "ही कसली थट्टा? उद्या निवड, आणि तुम्ही मला पाण्यावर फिरवताय!"

"थट्टा नाही रे. तुझं बोलणं ऐकून ही माणसं रडली, हे खरं. पण तू गेल्यावर ती पुन्हा एकटीच उरली. कुणाला ताप आलाय, कुणाची बायको अडलीय, हे मीठ घेऊन येणारा विचारत होता. नेमणूकही तोच करत होता. उद्याची निवड गेल्या तीन वर्षांत कधीच होऊन गेलीय."

"म्हणजे तो माझ्यापेक्षा थोर?"

"तो जिंकेल, एवढंच म्हणालो. त्यानं त्यांना मायेनं जपलं की हिशेबानं, ते मलाही सांगता येणार नाही. तू तिथं असतास, तर तुला कळलं असतं."

दुसऱ्या दिवशी सातही मते कोठीवाल्याला पडली. शिष्याला हरल्याचे दुःख होतेच, पण जिव्हारी लागले ते वेगळेच. ज्यांच्या मुक्तीसाठी आपण प्राण द्यायला निघालो होतो, त्यांतल्या एकालाही आपण ओळखत नव्हतो.