मोरदऱ्याच्या माळावरचं पाणी

मोरदऱ्याच्या पडक्या वेशीवर तोफगोळ्यांचे खड्डे अजून दिसतात. वेशीवरच्या माडीत संग्रहालय आहे, गंजलेल्या तलवारी नि फुटक्या ढालींचं, आणि खाली माळावर लढाईत पडलेल्यांचे बिननावाचे दगड. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "यातले आपले कोणते?" संग्रहालय सांभाळणारे सदूअण्णा गुरव हातात पाण्याचा तांब्या देतात आणि म्हणतात, "आदी समद्यांस्नी पाजा." परवा नगरहून आलेल्या शैलजाबाई मात्र हटूनच बसल्या, तेव्हा अण्णांनी त्यांना म्हाळसेची गोष्ट सांगितली.

फार जुन्या काळी परक्या फौजेने गावाला वेढा घातला, असं सांगतात. म्हाळसेचा नवरा नागोजी वेशीबाहेर लढायला गेला. तिने ग्रामदेवीपुढे पदर पसरला, "आई, माझा धनी जिता ठेव. वैऱ्याच्या तोंडात पान्याचा थेंब घालायची न्हाई!" आता देवीला असली लालूच दाखवायची असते का? पण जीव टांगणीला लागला की माणसाला पोच राहत नाही.

दिवस कलताना वैरी हटला. माळावर दोन्हीकडची माणसं पडली होती. चेहरे रक्तामातीने असे माखलेले, की आईनेही ओळखू नये. सगळ्यांची हाक एकच, पाणी. म्हाळसा घागर घेऊन नागोजीला शोधायला निघाली. एकेकापाशी थांबून विचारायची, "गाव कंचं?" मोरदरा म्हणेल त्याच्या तोंडात धार. दुसरं नाव घेईल किंवा गप्प राहील, त्याला ओलांडून पुढे. एकाने तिचा पदर गच्च धरला. तिने दोनदा गाव विचारलं. नुसती घरघर ऐकू आली. तिने पदर हिसडला, तो टर्रकन फाटला, आणि ती तशीच पुढे गेली. घागर रिती झाली, नागोजी काही सापडला नाही.

सकाळी प्रेतं धुतली तेव्हा सापडला. भाल्याने गळा फोडला होता, शब्द निघणार कुठून? मुठीत म्हाळसेच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता. घागर जवळ येईपर्यंत देवीने धनी जिता ठेवला होता. बाईनेही आपला शब्द पाळला होता.

त्या दिवसापासून म्हाळसा तिन्हीसांजेला माळावर पाणी घालू लागली. रोज त्याच जागी पदराला ओढ बसे आणि वळून पाहावं तर कोणी नसे. "धनी, तुमीच का?" ती विचारी, तशी ओढ वाढे. एकदा ती काही न विचारता वळली आणि तिथे पाणी ओतलं. पदर सुटला म्हणे. पण पुढचं पाऊल टाकते तोच दुसरी ओढ बसली, मग तिसरी. ज्यांना ज्यांना तिने ओलांडलं होतं, ते सगळे वाट पाहत होते. मग तिने प्रत्येक जागी एकेक दगड बसवून घेतला आणि कुठल्याही दगडावर नाव कोरू दिलं नाही.

आजही मोरदऱ्यात पाणी मागणाऱ्याला गाव विचारत नाहीत.

शैलजाबाई हसतच तांब्या घेऊन माळावर उतरल्या. चौथ्या दगडापाशी ओढणी मागून ताणली गेली. काट्यात अडकली असेल म्हणून त्यांनी वळून पाहिलं. मागे झुडूप सोडाच, गवताची काडीही नव्हती.

"अण्णा, हा कुणाचा..."

ओढणी गळ्याशी करकचली. बाईंनी प्रश्न गिळला आणि तांब्या कलता केला.