वेळखिंडीची वाऱ्याची वाट

वेळखिंड गावात दोन टेकड्यांच्या मधोमध चाळीस हात रुंद जागा मोकळी आहे. समुद्र समोर, जमीन सपाट, तरी तिथे एकही घर नाही. पाहुणे हटकून विचारतात आणि दत्ताराम मांडवकर नावाचे म्हातारे गुरव त्यांना देवळाच्या पायरीवर बसवून सांगतात ते असे.

फार पूर्वी इथे विसाजी खोताने चिरेबंदी घर बांधले. आडवे, या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत. समुद्राकडे आठ खिडक्या आणि मागे, वाडीकडे, आंधळी भिंत. गरिबांची खोपटी डोळ्यांना दिसायला नकोत म्हणून, असे सांगतात.

वाडीचा वारा बंद झाला. वैशाखात अंगावरचा घाम वाळेना. आवडी सुईणीच्या लेकीचे बारा दिवसांचे मूल त्या उकाड्यात तडफडून गेले. शेकडो पोरे जिने सुखरूप जगात आणली, तिच्याच मांडीवर तिचा नातू गेला! आवडी तशीच उठली आणि खोताच्या अंगणात उभी राहिली.

"खोतांनू, जमीन तुमची. वारा कोणाचा?"

खोत हसला. "विंझणा घे हातात, घाल वारा."

आवडीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "ही भिंत उभी आहे तोवर तुमचा उंबरा ओलांडीन तर माझ्या नातवाची आण!"

पुढल्याच वैशाखात खोताची सून अडली. बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला. वारा पुढून यायचा, पण बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तिथे पोचायचाच नाही. सून गुदमरू लागली. आवडीला बोलावणे गेले. ती आली, पण मागच्या भिंतीशी थांबली. आतले कण्हणे तिला ऐकू येत होते. त्या पोरीचा काय दोष, या विचाराने तिचा जीव तुटत होता. पण आण मोडवेना.

"उंबरा ओलांडणार नाही," ती ओरडली. "भिंत फोडा, इथून येते!"

खोत जागचा हलेना. तेव्हा खोतीणबाईंनी, उमाबाईंनी, स्वतः पहार उचलली म्हणे. चिरा निखळला, दुसरा निखळला, आणि समुद्राचा वारा घरातून सणाणत वाडीत उतरला. त्या भगदाडातून आवडी आत शिरली. बाई सुटली, मूल रडले.

बाराव्या दिवशी खोत म्हणाला, "आता भिंत बुजवून घ्या."

मूल वाचले, तरी त्याला शहाणपण आले नव्हते! उमाबाई भगदाडात जाऊन बसल्या. "बुजवा. पण मला आत चिणून बुजवा."

त्या तीन दिवस उठल्या नाहीत. चौथ्या दिवशी खोताने घर उतरवायला घेतले आणि टेकडीच्या कडेला, वाऱ्याच्या आड न येता, उभे बांधले.

आजही गावात कोणी नव्या घराची दोरी धरली, की मागच्या घरातली बाई आपल्या दारात येऊन उभी राहते. "वारा येतो," असे तिने म्हटल्याशिवाय कुदळ पडत नाही. गेल्या साली एका पैसेवाल्याच्या वेळी ती "येत नाही" म्हणाली. त्याने कागद दाखवले, हुज्जत घातली. बाई दारातून हलली नाही. जोते बारा हात सरकले.