पेल्हम साहेबाची धाव

फार वर्षांपूर्वी, आपल्या बोरगव्हाणच्या नदीवर बंधारा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. बंधाऱ्याची मोजणी करायला पेल्हम नावाचा गोरा साहेब आला. विलायतेत तो थंडीत फुटबॉल खेळायचा नि उन्हाळ्यात क्रिकेट. इथं येऊन त्यानं आपल्या पोरांना दोन्ही खेळ शिकवले. त्यानं लाथ मारली की चेंडू नदीपार जायचा आणि पलीकडच्या गावची गुरं बुजायची, असं म्हणतात. बॅट फिरवली, तर चेंडू खाली येईस्तोवर म्हातारी माणसं पान लावून खायची, असंही म्हणतात.

एकदा चिखलात त्यानं गोल मारला. गाव नाचायला लागलं, तर हा म्हणतो, "हात लागला माझा. गोल नाही." अहो, कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं! साहेब खुळा आहे म्हणून लोक हसले. हसला नाही तो एकटा निवृत्ती गुरव.

निवृत्ती भैरोबाचा पुजारी. बांधावरून भांडण लागलं की दोघे त्याच्यापुढे यायचे, आणि गुरव बोलला की विषय संपला. म्हणून साहेबानं त्यालाच पंच केलं.

पुढे विलायतेत लढाई लागली, साहेबाला बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी शेवटचा सामना ठरला, साहेबाची छावणी विरुद्ध गाव. गाव तोवर एकदाही जिंकलेलं नव्हतं. छावणीला दोन धावा हव्या होत्या, शेवटची जोडी खेळत होती. साहेब पहिली धाव घ्यायला पळाला, पाटलांच्या पुतण्यानं चेंडू फेकला, यष्ट्या पडल्या. साहेबाची बॅट रेषेच्या चांगली वीतभर आत होती. निवृत्तीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पण गाव ओरडलं, आणि कडेला उभे असलेले पाटील म्हणाले, "गुरव, मीठ कुणाचं खाता?"

निवृत्तीचं बोट वर गेलं.

धावणाऱ्याला काय कळणार! साहेब म्हणाला, "गुरवांनी पाहिलं ना? मग मी बाद."

लोकांनी निवृत्तीला खांद्यावर घेतलं, गुलालानं माखलं. घरी येऊन तो तोंड खसाखसा घासत बसला. बायको म्हणाली, "अहो, कातडं निघेल! जिंकलात ना?"

"सरू, माझ्याकडं बघू नकोस," तो म्हणाला. धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं होतं त्याला.

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून सकाळी तो वेशीवर धावला. टांगा निघतच होता. साहेबानं त्याचे दोन्ही हात धरले. "तुमच्यासारखा पंच मला विलायतेतही मिळाला नाही." आता यावर कुठल्या तोंडानं बोलावं? मागं सगळं गाव हार घेऊन उभं. निवृत्ती कसंनुसं हसला, आणि टांगा गेला. अरे मेल्या, एवढं एक वाक्य जड झालं तुला!

त्या दिवसापासून त्याचं ते बोट ताठच राहिलं, असं म्हणतात. देवाला गंध लावताना वाकेना, घास घेताना वाकेना. लोक तरी भांडणं घेऊन यायचेच. "मला नका विचारू," म्हणून तो हात जोडायचा, आणि लोक म्हणायचे, केवढा नम्र माणूस! त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांनी बातमी आली, साहेब लढाईत पडला. त्या साली भरजत्रेत निवृत्ती उभा राहिला. "साहेब आत होते. मी खोटं बोट वर केलं."

पाटील म्हणाले, "मेलेल्याला आता काय त्याचं?"

"मी जिवंत आहे ना, पाटील."

पाटलांची मान खाली गेली. हळूहळू सगळ्यांचीच गेली, कारण बॅट दिसली तर सगळ्यांनाच होती.

बोट वाकलं का? काही म्हणतात वाकलं. आमची थोरली माणसं म्हणायची, छे, मरेपर्यंत नाही.

अजून जत्रेत सामन्याआधी रेषेच्या वीतभर आत एक बॅट ठेवतात. गुरवांच्या घरचं कुणीतरी, लेक असो नाहीतर सून, पुढं येऊन म्हणतं, "साहेब आत होते." आणि परगावच्या पाहुण्यांदेखत सगळं गाव मोठ्यानं म्हणतं, "आम्हीपण पाहिलं होतं."