त्रिंबकबुवांसाठी वाजवलेला बँड

एका तालुक्याच्या गावात सोपान नावाचा एक बँडवाला राहत होता. क्लॅरोनेट असं वाजवायचा, की मांडवातले रुसलेले व्याहीसुद्धा तोंडातलं पान थुंकून ऐकायला उभे राहायचे. वाजवायचा मात्र एकाचीच गाणी. त्रिंबकबुवांची.

त्रिंबकबुवा त्याच गावचे. ते सिनेमाला संगीत देत. दिनकरराव नावाचे मोठे दिग्दर्शक होते, त्यांच्या एकूण एक सिनेमाची गाणी बुवांनी केलेली. पडद्यावर दोघांची नावं जोडीनं आली की टॉकीज शिट्ट्यांनी दणाणायचं. बुवांचं गाव म्हणून दिनकरराव प्रत्येक सिनेमा आधी इथे लावत. पहिल्या खेळाला सोपानचा बँड टॉकीजच्या दारात वाजे. मग मालक सगळ्या वाजंत्र्यांना फुकट आत सोडी. वाद्यं मांडीवर घेऊन ते मागच्या भिंतीशी बसत आणि गाणी कानात भरून घेत. पुढच्या लगीनसराईत वराती त्याच गाण्यांवर नाचत. गावची रीतच होती ती.

एका वर्षी दिनकररावांच्या नव्या सिनेमाचं पोस्टर चौकात लागलं. लोक नेहमीसारखे वाचायला जमले आणि वाचता वाचता गप्प झाले. बुवांचं नाव कुठेच नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, संगीत: भार्गव.

कोण हा भार्गव? कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दिवस मावळायच्या आत गावात दोन तट पडले.

चहाच्या हॉटेलात एक जण म्हणाला, "पीठ तेच, तवा तोच, मग चूल का बदलली?"

दुसरा म्हणाला, "चूल बदलली म्हणून भाकरी करपतेच, असं तुला कुणी सांगितलं?"

"करपणारच! लावतोस पैज?"

"आधी खाऊन तर बघ, मग तोंड वाकडं कर."

सोपानला हे सहन होईना. लहानपणी बुवांच्या खिडकीखाली उभा राहून तो सूर शिकला होता. एकदा बुवांनी खिडकीतून वाकून सांगितलं होतं, "पोरा, श्वास पोटातून घे, गळ्यातून नको." तेवढ्या एका वाक्यावर त्याचा संसार उभा होता. त्याच्या देवाला कुणी देव्हाऱ्यातून उचलून बाहेर ठेवलं होतं. तो सगळ्यांना बजावून सांगू लागला, "बुवांना त्यांच्या जागी परत बसवीन, तेव्हाच जिवाला चैन पडेल."

बुवांच्या घरावरून जाताना तो मुद्दाम थांबे. बुवा ओट्यावर बसलेले असत. सोपान म्हणे, "नमस्कार, बुवा." बुवा रस्त्याकडे बघत राहत. उत्तर नाही. शेजारच्या बायका सांगत, "तीन हाका मारल्या तरी ओ देत नाहीत हो हल्ली. पेटीसुद्धा उघडत नाहीत." माणूस दुःखानं मुका झाला, असं सोपाननं मनाशी ठरवून टाकलं.

त्याच्या बँडात मोठा ढोल वाजवणारा इब्राहिम होता. दोघे एका ताटात जेवलेले. इब्राहिम म्हणाला, "सोपान्या, बुवांना एकदा विचारून तर ये."

"जखमेवर बोट ठेवून विचारायचं, दुखतं का म्हणून?"

"बरं, नव्या पोराचं गाणं तरी आधी ऐकशील का?"

"ऐकायचं कशाला? बुवांचं नाही ना? मग संपलं."

"म्हणजे मुलगी न बघताच नकार कळवलास."

सोपान भडकला. म्हणाला, "बुवांचं मीठ खाऊन उलटलास!"

इब्राहिमचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "मीठ दोघांनी खाल्लंय. पण भांडण तू तुझ्या नावानं कर, त्यांच्या नावानं नको. त्यांनी तुला वकीलपत्र दिलेलं नाही." ढोल खाली ठेवून तो उठून गेला. इतक्या वर्षांची जोडी तोंडच्या एका शब्दावर मोडली.

सिनेमा लागायच्या दिवशी दुपारी टॉकीज खचाखच भरलं. दारात बँड वाजला, पण ढोलावाचून. मालकानं रीतीप्रमाणे वाजंत्र्यांना आत सोडलं. सोपाननं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं, की उठायचं.

दिवे मालवले. थोडी कथा झाली, आणि गाण्याचा पहिला सूर निघाला. सूर खोल होता, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. सोपाननं तो ऐकलाच नाही. तो उठला. त्याच्यामागे सगळा बँड उठला. मधल्या वाटेनं चालत ते थेट पडद्याखाली गेले, लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि जीव खाऊन बुवांचं सगळ्यात गाजलेलं गाणं वाजवू लागले. बंद टॉकीजात पितळी वाद्यांचा तो आवाज! छताचे पत्रे थरथरले. अर्धे लोक बाकांवर चढून टाळ्या वाजवू लागले, अर्धे शिव्या घालू लागले. नवं गाणं त्यात पार बुडालं. सोपान नेहमीसारखा डोळे मिटून वाजवत होता. आज तो बुवांचं ऋण फेडत होता.

मालकानं सिनेमा थांबवला. दिवे लागले. सोपाननं डोळे उघडले.

समोर हाताच्या अंतरावर, सगळ्यात पुढच्या बाकावर, त्रिंबकबुवा बसले होते. एवढा मोठा माणूस पडद्याला नाक लागेल अशा जागी. कानामागे तळहात धरलेला. शेजारी खुद्द दिनकरराव, खाली मान घालून.

बुवा दिनकररावांना मोठ्यानं म्हणाले, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, "अरे दिनकर, भार्गवचं गाणं झालं का? मला तर आपलं जुनंच ऐकू येतंय."

टॉकीजात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. बुवांखेरीज सगळ्यांना.

सोपानच्या हातातलं क्लॅरोनेट खाली आलं. तो गुडघ्यांवर बसला. बुवांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "बुवा, तुमचा अपमान झाला म्हणून आम्ही..."

"कसला अपमान?" बुवा म्हणाले. "कान चाललेत माझे. वरचे सूर गेले, खालचे थोडे उरलेत. सारंगी बेसूर झाली तरी कळेना, तेव्हा मीच दिनकरला म्हटलं, आता दुसरा बघ. भार्गवला मीच निवडला. आणि मीच बजावलं, कुणाला सांगू नकोस. बहिऱ्याची गाणी म्हणून लोक कीव करत ऐकतील." त्यांनी दिनकररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "तोंड मिटून यानं गावाच्या शिव्या खाल्ल्या. त्या पोरानं हे गाणं मुद्दाम खालच्या सुरात बांधलं. मला ऐकू यावं म्हणून."

मालकानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. माणसांनी श्वास रोखून धरला. लेकुरवाळ्या बायकांनी पोरांच्या तोंडांवर हात ठेवले. बुवा कानामागे तळहात धरून पुढे झुकले. गाणं संपलं, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"कानात अजून तुमचा बँडच घुमतोय रे," ते म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सोपान तिथून निघाला तो थेट इब्राहिमच्या दारात. उंबऱ्याशी बसून राहिला. इब्राहिमनं आतून पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. म्हणाला, "पी आधी. रडायला पाणी लागतं."

दुसऱ्या दिवसापासून सोपान रोज तिकीट काढून टॉकीजात बसू लागला. वाद्य घरी ठेवून. गाणं आलं की डोळे मिटायचा, आणि ज्या गाण्याला त्यानं मारलं होतं त्याचा एकेक सूर उचलून आणायचा. घरी येऊन तेच हळू वाजवायचा. इब्राहिम मांडीवर बोटांनी ठेका धरायचा. गाणं पुरतं बसलं, तेव्हा दोघे बुवांच्या घरी गेले.

बुवा ओट्यावर होते. सोपान त्यांच्या कानाला खेटून बसला आणि अगदी खालच्या सुरात वाजवू लागला, श्वास पोटातून घेत. बुवांनी क्लॅरोनेटच्या लाकडावर दोन बोटं टेकवली. थोडं कानानं, थोडं बोटांनी, त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

संपल्यावर त्यांनी बोटं उचलली. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं केलंय पोरानं."

सोपाननं मान खाली घातली. हे त्यालाही कळलं होतं. पण कळायला त्याला आधी ऐकावं लागलं होतं.

तात्पर्य: ज्याच्यासाठी भांडायला निघालात, त्याला आधी विचारा, आणि ज्याच्याविरुद्ध भांडणार, त्याचं आधी ऐका. न विचारता केलेली भक्ती देवाच्याच तोंडचा घास काढून घेते.