पोवळीचं ‘आपण’

घ्या, पांघरुणं घ्या अंगावर. धाकट्याला मध्ये निजवा, कडेला त्याला गार लागतं. हं, आता ऐका.

एक होता राजा. तो राहायचा एका उंच गडावर. इतका उंच, की पावसाळ्यात ढग त्याच्या खिडकीतून आत यायचे आणि ओसरी ओली करून जायचे. गडाच्या वाटेला सात वळणं होती. मुलांना शिकवायला एकदा एक पंतोजी निघाले होते बरं का. ते तिसऱ्या वळणावर बसले, घाम पुसला आणि तिथूनच घरी गेले. पुन्हा कुणी आलंच नाही. मग शिकवायचं कुणी? तर राणीनं. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या ओसरीवर ती तीन पाट मांडायची आणि तिथंच शाळा भरायची.

मुलं तीन. थोरली हेमकळा बारा वर्षांची. मधला मकरंद नऊ वर्षांचा. आणि धाकटी पोवळी, तिला पाचवं सरून सहावं लागलेलं.

पोवळी बोलकी. एवढी बोलकी की कावळासुद्धा तिच्याशी बोलून दमायचा. पण तिची एक खोड होती. तिला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यातलं काही कळायचं नाही. एकदा काय झालं, सटवाजी कासार बांगड्या घेऊन गडावर आला. पोवळीनं हातभर बांगड्या भरून घेतल्या आणि त्याला सांगितलं, “काका, उद्या आपण मामाच्या गावाला जाणार.” तिला म्हणायचं होतं, आम्ही जाणार. पण सटवाजी बिचारा साधा माणूस. त्याला वाटलं, राजाच्या लेकीनं बोलावलंय तर नाही कसं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो नवं पागोटं बांधून, गाठोडं घेऊन दारात उभा. आता त्याला परत तरी कसं पाठवायचं? मग नेला त्यालाही. तीन दिवस मामाकडच्या पुरणपोळ्या खाऊन आला.

मकरंदचं वेगळंच. तो म्हणायचा, “मी आंबा खाल्लो.” मग हेमकळा म्हणायची, “आंब्यानं तुला नाही ना खाल्लं? मग ‘मी आंबा खाल्ला’ म्हण.” आणि तो चिडायचा.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण त्या गडावर एक झरा होता. गडावरची सगळी माणसं त्याचंच पाणी प्यायची. झऱ्याच्या तोंडाला दगडाचं दार होतं, आणि दारावर बसलं होतं एक कासव. तेही दगडाचंच, पण त्याला कान होते आणि वाचा होती. दर बारा वर्षांनी संक्रांतीला ते दार मिटायचं. मग अक्षय्य तृतीयेला गडावरच्या राजाच्या लेकरांनी कासवापुढं जायचं. ते तीन प्रश्न विचारणार. तिन्ही उत्तरं शुद्ध आली पाहिजेत. आणि लेकरं जेवढी असतील तेवढी सगळी बोलली पाहिजेत. एक जरी गप्प राहिलं, तरी दार मिटलेलं ते मिटलेलं. पुढची बारा वर्षं पाणी नाही. मग गड सोडायचा. माळी एका गावाला जाणार, कुंभार दुसऱ्या गावाला, राजा तिसऱ्याच कुठल्या तरी.

त्या वर्षी संक्रांतीला दार मिटलं. टाक्यांत पाणी होतं, ते काटकसर केली तर अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरणार होतं. राणीनं तीन पाट मांडले आणि म्हणाली, आता रोज व्याकरण.

मग राणीनं काय केलं? थोरलीच्या चालीनं शिकवायला घेतलं. तिला वाटलं, जास्तीत जास्त शिकवावं, धाकट्यांच्या कानावर पडेल तेवढं पडेल. विभक्ती झाली, प्रयोग झाले, समास झाले. ते काय असतं ते मला विचारू नका बरं का, मी ऐकलं तसं सांगतोय. हेमकळा भराभर पुढं गेली. मकरंद धापा टाकत मागून आला. आणि पोवळी? पोवळीनं तोंड उघडलं की काहीतरी चुकायचं. चुकलं की राणी थांबायची, आणि राणी थांबली की हेमकळा उसासा टाकायची. मग पोवळी कमी बोलायला लागली. मग आणखी कमी. महाशिवरात्र आली तेव्हा ती पाणीसुद्धा खुणेनं मागत होती. कावळा रोज यायचा, कठड्यावर बसायचा, मान वाकडी करून वाट बघायचा आणि उडून जायचा.

राणी घाबरली. लेक गप्प झाली, तर दार उघडणार कसं? आणि दाराचं राहू द्या, लेक गप्प झाली हेच तिला सोसेना.

मग तिनं उलटं केलं. धाकटीच्या चालीनं शिकवायला घेतलं. तो आंबा, ती चिंच, ते बोर. दुसऱ्या दिवशी, तो आंबा, ती चिंच, ते बोर. पंधरा दिवस आंबा, चिंच आणि बोर. हेमकळा पाटीवर डोकं ठेवून झोपली, तिच्या गालावर ‘बोर’ उमटलं. मकरंद कठड्यावरून पसार झाला, तो थेट चिंचेच्या झाडावर, आणि तिथून ओरडून विचारायचा, आई, ती चिंच का तो चिंच. आणि पोवळी आणखीनच गप्प. तिला कळत होतं ना, की आपल्यापायी सगळे अडलेत. लहान असलं म्हणून काय झालं, ते कळतंच.

होळी झाली. टाक्यांतलं पाणी अर्ध्याच्या खाली गेलं. राणी उठली आणि वाट उतरून पहिल्या वळणावरच्या दगडावर जाऊन बसली. तिला काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात खालून घंटा वाजल्या. बिरू धनगर आपली मेंढरं आणि शेरडं घेऊन वर येत होता. म्हातारा माणूस, खांद्यावर घोंगडं. पुढं एक कोकरू, चार दिवसांचं, पाय लटपटत चाललेलं. त्याच्यामागं बिरू, अगदी त्याच्याच पावलानं. मोठी शेरडं मात्र दोन्ही अंगांनी उधळलेली. एक दगडावर चढलेलं, एक बोरीच्या फांदीला लोंबकळलेलं, एक तर पार वरच्या कड्यावर. तरी वळणावर सगळी एकदमच आली.

राणीनं विचारलं, “बिरूबाबा, एवढी लहानमोठी जनावरं, एकदम कशी आणता?”

“कोकराच्या पायानं चालतो, आईसाहेब.”

“मग मोठी कंटाळत नाहीत?”

“त्यांना सरळ चाला असं कोण म्हणतंय?” बिरू म्हणाला. “कोकरू एक कोस चालतं, तेवढ्यात ती चढतात, उतरतात, पाला खातात, परत येतात. त्यांचे तीन कोस होतात. पण वाट तीच आणि मुक्काम तोच. मी हाक फक्त कोकराला मारतो.”

राणी बराच वेळ त्या कोकराकडं बघत राहिली. मग म्हणाली, माझ्या मुलांना असं शिकवता येईल का? बिरू म्हणाला, मला अक्षर येत नाही, शिकवण्यातलं मी काय सांगू. आणि तो कोकरामागं निघून गेला.

राणी घरी आली. दुसऱ्या दिवशी तिनं तीन पाट मांडले, पण वाक्य एकच सांगितलं. सगळ्यांना मिळून एक. ‘मांजर लोणी खातं.’

पोवळीनं एवढंच करायचं, की यात कुणाकुणाची नावं आहेत ती बोटानं दाखवायची. तिनं ओसरीवरचं मांजर दाखवलं. लोण्याची वाटी दाखवली. मकरंदनं एकाची पुष्कळ करायची. तो म्हणाला, मांजरं लोणी खातात. हेमकळानं तेच वाक्य होऊन गेलेल्या काळात न्यायचं आणि काय काय बदललं ते भावंडांना समजावून सांगायचं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “मांजरानं लोणी खाल्लं.” मग ‘मांजर’चं ‘मांजरानं’ का झालं ते ती सांगत बसली. सगळे तिच्याकडं बघत होते. मांजराकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

आणि पोवळी एकदम म्हणाली, “ताई, खरंच खाल्लं गं.”

वाटी चाटूनपुसून लख्ख. मांजर मिशा पुसत बसलेलं. महिनाभरानंतर पोवळी पहिल्यांदा बोलली होती. राणीनं लोण्याकडं पाहिलंच नाही. पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, उद्याचं वाक्य पोवळी सांगेल.

मग रोज असंच. वाक्य पोवळीच्या पायानं चालायचं. मोठी दोघं त्याच वाक्यावर चढायची, उतरायची, उड्या मारायची आणि परत यायची. हेमकळा आता झोपत नव्हती, कारण समजावून सांगायचं म्हणजे स्वतःला आधी नीट यावं लागतं. आणि मकरंद आंबा खाल्लो म्हणायचा थांबला. कुणी रागावलं म्हणून नाही. पोवळीला शिकवताना त्याला स्वतःलाच हसू आलं म्हणून.

चैत्रात पोवळीचा तो अवघड शब्द आला. राणीनं अख्खा महिना त्या एकाच शब्दाला दिला. ती म्हणाली, जो ऐकतोय त्याला बरोबर घेतलं, तर आपण. त्याला सोडून बाकीचे, तर आम्ही. झालं. पोवळी गडभर हिंडायला लागली, कोण ऐकतंय ते बघत. माळी ऐकतोय, त्याला धरायचं. कावळा ऐकतोय, त्याला धरायचं. जात्याला कान नाहीत, त्याला नाही धरायचं. असं करत करत तो शब्द तिच्या अगदी अंगवळणी पडला.

आणि आली अक्षय्य तृतीया. टाक्यांच्या तळाला फक्त ओल राहिली होती. सगळा गड झऱ्यापाशी जमला. सटवाजी कासारसुद्धा आला होता. राजा, राणी आणि सगळी माणसं लांब थांबली. तिघं भावंडं घागर घेऊन पुढं गेली.

कासवानं डोळे उघडले. घसा खरखरीत होता त्याचा. त्यानं विचारलं, “कोण आलंय?”

हेमकळा म्हणाली, “आम्ही तिघं भावंडं आलो आहोत.” दार वीतभर सरकलं.

“काय आणलंय?”

मकरंदनं ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाला, “आम्ही रिकामी घागर आणली आहे.” दार आणखी वीतभर सरकलं. पण पाणी नाही. आत नुसता अंधार.

मग कासवानं तिसरा प्रश्न विचारला. “पाणी कुणाला हवंय?”

आता पोवळीची पाळी. सगळ्यांना उत्तर माहीत होतं. ‘आम्हाला.’ त्यात काय अवघड? राजा लहान होता, तेव्हा तोही हेच म्हणाला होता. त्याच्या बापानंही हेच म्हटलं होतं, आणि दर खेपेला दार अर्धंच उघडलं होतं. अर्ध्या दारातून येईल तेवढं पाणी, तेही बारा वर्षं. सगळ्यांना वाटायचं, दार तेवढंच उघडतं.

पोवळी बोलेना. राणीला वाटलं, गप्प झाली का लेक पुन्हा? हेमकळा वाकून हळूच म्हणाली, “आम्हाला म्हण.”

पण पोवळी गप्प झाली नव्हती बरं का. ती बघत होती, कोण ऐकतंय ते. कासवाच्या पाठीवर भेगा होत्या. शेवाळ होतं, ते वाळून पापड झालेलं. पाणी जायचं ते दारातून, खालच्या खाली. कासवाच्या तोंडापर्यंत कधी आलंच नव्हतं. तिनं विचारलं, “कासवा, तू कधी प्यायलास पाणी?”

कासव म्हणालं, “मला कुणी विचारलं नाही.”

मग पोवळीनं उत्तर दिलं. “पाणी आपल्याला हवंय.”

मकरंदनं कपाळाला हात लावला. हेमकळाला वाटलं, गेलं, जुनी खोड परत आली. ती म्हणाली, “पोवळे, आम्हाला गं.”

“नाही ताई,” पोवळी म्हणाली. “ते ऐकतंय ना. त्यालाही तहान लागलीय. मग त्याला धरायला नको?”

हेमकळानं कासवाच्या भेगाळलेल्या पाठीकडं पाहिलं. मग तिनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, “बरोबर आहे तुझं.”

आणि कासव हसलं. दगडाचं कासव हसताना कसा आवाज येतो माहीत आहे? जात्यात मूठभर जास्त दाणे पडले ना, की जसा येतो तसा. ते हललं. एक पाय उचलला, मग दुसरा. कितीतरी वर्षं बसलेलं, ते दारावरून उठलं आणि बाजूला झालं. तसं अख्खं दार उघडलं. आतून पाणी आलं ते नुसतं धो धो. कासव त्यात उतरलं, पोटभर प्यायलं आणि डुबकी मारून पलीकडं निघालं. पुन्हा काही ते दारावर बसलं नाही. आणि ते बसलं नाही, म्हणून दारही पुन्हा कधी मिटलं नाही.

मग गडावर मोठी पंगत बसली. बिरूला खालून बोलावून आणलं, त्याचं कोकरूही आलं. पोवळी वाढायला तूप घेऊन फिरत होती. सटवाजी कासारासमोर थांबली आणि म्हणाली, “काका, पावसाळा संपला की आपण मामाच्या गावाला जाणार.” सटवाजी जेवायचा थांबला. हेमकळाकडं बघून म्हणाला, “थोरल्या बाईसाहेब, हे ‘आपण’ खरं का?” हेमकळा म्हणाली, “आता खरंच आहे. पागोटं धुऊन ठेवा.”

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पुन्हा तीन पाट मांडले. पाणी होतं, घाई नव्हती, तरी मांडले. वाक्य कासवाचं होतं. कावळा कठड्यावर येऊन बसला, आणि पोवळी त्याच्याशी एवढं बोलली की तोच दमून उडून गेला. ती सगळी तिथं सुखानं राहिली.

आणि हे बघा, मधलीचा डोळा लागला, धाकटा तर केव्हाच झोपला. थोरलीचे डोळे उघडे आहेत अजून. असू दे. तू मोठी आहेस, बिरूच्या शेरडांसारखी मनातल्या मनात जरा हिंडून ये आणि मग ये मुक्कामाला. आता दिवा बारीक करतो आणि आपण झोपू या. तुम्ही नाही, आपण. मीसुद्धा.